पाच टाक

"सुला, तुझ्या त्या वहीत एखादं कोरं पान हाय का गं?"

भाऊबीज होऊन तीन-चार दिवस झाले असतील. मी ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते आणि बनामावशी अंगणातूनच विचारत आल्या. माझी वही सगळ्या वाडीला ठाऊक आहे. लग्न होऊन इथं आले तेव्हापासून रोज दुपारी, देवापुढचं निरांजन शांत झालं की मी चार ओळी लिहिते. तिथी, वार, नैवेद्याला काय केलं, कोण आलं, कोण गेलं. आमचे हे म्हणतात, तलाठ्याच्या दप्तरापेक्षा तुझं दप्तर पक्कं. कुणाची म्हैस कधी व्यायली, कुणाच्या पोरीचं लग्न कोणत्या साली झालं, हे विचारायला लोक माझ्याकडं येतात. पण कोरं पान मागायला आजवर कुणी आलं नव्हतं.

"कशाला हवं, मावशी?"

"निरवानिरव लिहायची हाय," त्या म्हणाल्या आणि सुपातले चार दाणे दाताखाली धरून बघितले. "इंद्रायणी व्हय? ओला हाय अजून. ऊन दाखव."

भोरहून आंबवड्याकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची वाडी, आणि आमच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडं बनामावशींचं घर. वय विचारलं तर म्हणतात, "पानशेत फुटलं तवा म्या परकर नेसत व्हते." त्यावरून मी धरते पंचाहत्तरच्या आसपास. अंगानं मुसळाएवढ्या बारीक, पण आवाज असा की त्या एसटीला हात करत नाहीत, हाक मारतात. आणि गाडी थांबते. त्यांचे मालक गेनबाकाका बारा वर्षांपूर्वी गेले. वाडवडिलांची जमीन डोंगराच्या अंगाला आहे ती वेगळी, पण रस्त्याकडची ही जागा गेनबाकाकांनी मावशींच्या नावावर विकत घेतली होती, आणि तिच्यावर मावशींनी म्हशी पाळून, दूध घालून घालून तीन खोल्या उभ्या केल्या. एक म्हैस व्याली की चार विटा यायच्या, असं त्या सांगतात.

घरात आता दोघीच. मावशी आणि त्यांची सून प्रेरणा. प्रेरणा वेल्ह्याकडची. आई-वडील नाहीत, एक भाऊ आहे. मावशींचा एकुलता एक मुलगा मानसिंग चाकणला कंपनीत लागला आणि सहा वर्षांपूर्वी तिकडंच त्यानं दुसरा संसार थाटला. कागदोपत्री सोडचिठ्ठी नाही, काही नाही. नुसता राहायला यायचा थांबला, सणावारी तेवढा डोकावतो. सगळ्यांना वाटलं, प्रेरणा आता माहेरी जाईल. गेलीही. आठ दिवसांनी नाचणीच्या पिठाची पिशवी घेऊन परत आली. मावशींनी दार उघडलं आणि एवढंच म्हणाल्या, "उशीर केलास. म्हैस खोळंबलीया." तेव्हापासून ती इथंच. सकाळी अंगणवाडी, दुपारी शेत, संध्याकाळी धार. आमच्याकडं नवऱ्यानं सोडलेल्या बाईला 'टाकलेली' म्हणतात. फुटकं मडकं टाकावं तसं. म्हणणाऱ्याच्या तोंडाला सवय झालेली असते, पण ऐकणारीला होत नाही. प्रेरणा त्या वेळी मान वर करून बघते आणि पुढं चालायला लागते.

"निरवानिरव आत्ताच कशाला?" मी विचारलं. "चांगल्या ठणठणीत आहात."

"पाडव्याला मानसिंग आलता, बघितलंस नव्हं?"

बघितलं होतं. बरोबर एक शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावलेला माणूस होता, आणि त्याच्याकडं मोजायची टेप. दोघांनी घराची रस्त्याकडची बाजू मोजली. मानसिंग आईला सांगत होता, "रस्ता मोठा व्हतोय. हितं गाळे निघतील. तू चल माझ्याकडं, आई."

"आन् प्रेरणा?" मावशींनी विचारलं.

"तिचं ती बघंल की. भाऊ हाय तिला."

प्रेरणा तेव्हा करंज्यांचं ताट घेऊन बाहेर येत होती. तिनं ताट ओट्यावर ठेवलं आणि आत गेली.

"दुसऱ्या दिशी म्या केरसुणी घ्यायला दारामागं हात घातला," मावशी म्हणाल्या, "तर गोणी. तोंड बांधलेली. आत तिच्या दोन साड्या, अंगणवाडीचं कागद, आईचा फोटू. म्या परत तशीच बांधून ठिवली." "माझं डोळं मिटायची वाट बघती गं पोरगी. मी हाय तवर राहील, आन् मी गेले की दहाव्या दिशी ती गोणी उचलंल. सुला, ती गोणी सुटाया पायजे."

"पण नवरात्रात तुम्ही देव तिच्या ओटीत घातलेत ना?"

घटस्थापनेच्या दिवशी मी तिथंच होते. मावशींच्या घरची ही चाल. देव पुढं कोण सांभाळणार ते ठरलं, की देव्हाऱ्यातले टाक तिच्या ओटीत घालायचे आणि तिनं ते पुन्हा जागेवर मांडायचे. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उमटवलेले देव, अंगठ्याएवढे. मावशींनी पाची टाक हळद लावून प्रेरणाच्या पदरात घातले होते आणि देवासमोर म्हणाल्या होत्या, "देव तुझं, घर तुझं." आम्हां सगळ्यांना वाटलं, झालं. देवासमोर बोललेला शब्द, आणखी काय पाहिजे?

आमचे हे आतून ऐकत होते. ते म्हणाले, "मावशी, देवाला सगळं कळतं. पण देव काही साक्षीला कोर्टात येत नाही."

मी वहीचं पान उघडलं. वर श्री लिहिलं आणि मधोमध चांगल्या अक्षरात 'मृत्युपत्र' लिहिलं.

"काय लिवलंस?"

मी वाचून दाखवलं.

"खोड ते! मृत्यूचं पत्र कोपरा फाडून येतं. आमच्या येळंला उंबऱ्याभाईर वाचायचं आन् फाडून टाकायचं. घरात घेत नव्हते. आन् तू माझा कागद फाडायला लावती व्हय?"

मी खोडलं आणि 'निरवानिरवीचा कागद' लिहिलं. मावशींना ते आवडलं. मग त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. राहतं घर प्रेरणाला. ओढ्याकाठची पट्टी, जी त्यांच्या नावावर आहे, ती प्रेरणाला. म्हैस प्रेरणाला, "पर तिला आधी विचारा, म्हशीला." देव्हाऱ्यातले पाच टाक प्रेरणाला.

"आणि मानसिंगला?"

मावशींनी पदरानं तोंड पुसलं. "वडलांची जमीन हाय की त्याला, ती कुठं जातीय? आन् लिही, बापाचं घड्याळ. चालत न्हाई. पर लिही."

मी लिहिलं.

"आन् समई तुला."

खोटं कशाला बोलू, मला त्या समईचा लोभ होता. जुन्या घडणीची, जड, पाच वातींची पितळी समई. चिंच लावून घासली की अशी झळकते की बघत राहावं. वहीत माझं नाव जरा मोठ्याच अक्षरात लिहिलं गेलं.

"आन् यातलं प्रेरणाला बोलायचं न्हाई," उठताना मावशी म्हणाल्या. "नगं म्हणंल ती. उपाशी बसंल, पर कुणाचं घेणार न्हाई. आधी पक्कं करू, मग सांगू. म्या म्हणीन, डोळं दाखवायला भोरला चाललेय."

दोन दिवसांनी मावशी, मी आणि आमचे हे, असे तिघं भोरला गेलो. तहसील कचेरीजवळ हनीफभाईंचं छोटं दुकान आहे. तीस वर्षं झाली, अर्ज, वाटणीपत्रं, हक्कसोड, सगळं तेच लिहून देतात. पूर्वी हातानं लिहायचे, आता संगणकावर शेफाली नावाची मुलगी टाईप करते, ती भोरच्या कॉलेजात शिकते. हनीफभाईंनी चष्मा कपाळावर चढवून माझी वही वाचली.

"ताई, अक्षर सुंदर आहे. पण हे तारखेवार आहे का? कारण ह्या ओळीखाली 'उपवासाची भगर, गूळ संपला' असं पण लिहिलंय."

"ते माझं आहे," मी म्हटलं. "ते सोडा."

"गुळाचा वारस कोण ते बी लिवा," मावशी म्हणाल्या.

हनीफभाई हसले, मग त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. मला कळलं तेवढं लिहिते. कागद केला नाही, तर मावशींच्या मागं घर सरळ मुलाकडं जाणार. सून कितीही राबली तरी सासूच्या वारसात तिचं नाव येत नाही. मावशींच्या स्वतःच्या नावावर आहे तेवढंच त्या लिहून देऊ शकतात, डोंगराकडच्या वडिलोपार्जित जमिनीला हात लावायचा नाही. साधा कागद चालतो. नोंदणी केलीच पाहिजे असं नाही, पण केलेली बरी.

"दोन वाटा आहेत, मावशी," ते म्हणाले. "बक्षीसपत्र केलंत तर घर आजच सुनेचं होतं. मृत्युपत्र केलंत तर..."

"ते नाव घेऊ नगा."

"बरं. इच्छापत्र केलंत, तर तुम्ही आहात तोपर्यंत घर तुमचंच. मन बदललं तर कागदही बदलता येतो."

"म्हंजी मी जिती हाय तवर घर माझं?"

"तुमचंच."

"मग ह्योच बरा. न्हाईतर उद्या ती मलाच उचलून अंगणवाडीत बसवायची."

"बँकेच्या खात्यावर नॉमिनी कोण लावलाय?"

"त्यो कोण?"

"तुमच्यामागं बँक ज्याच्या हातात देते तो. पण तो मालक नसतो. त्यानं घ्यायचं आणि ज्याचं आहे त्याला द्यायचं."

"म्हंजी राखोळीचं जनावर," मावशी म्हणाल्या. "राखायचं, दूध प्यायचं न्हाई. मानसिंगचं नाव असंल तिथं. ते बी कागदात लिवा मग, कुणाचं हाय ते."

मग हनीफभाईंनी साक्षीदार विचारले. मावशींनी आम्हां दोघांकडं बोट दाखवलं. हनीफभाईंनी पुन्हा वही बघितली आणि बोट माझ्या नावावर ठेवलं.

"समई. ताई, ज्याला कागदातून काही मिळतंय त्यानं साक्षीला उभं राहू नये. त्याच्या नवऱ्यानंही नको. उद्या कुणी म्हणायला नको की समईसाठी सही केली."

मी मावशींकडं बघितलं. मावशी छताकडं बघत होत्या. आमच्या ह्यांनी खिशातलं पेन काढून माझ्यापुढं धरलं. त्यांना काय जातंय? मी समईची ओळ खोडली. एका रेघेत खोडली गेली नाही, दोन माराव्या लागल्या.

घराचा उतारा, पट्टीचा सातबारा, आधार कार्ड, डॉक्टरांचं सर्टिफिकेट, एवढं जमवायला सांगून हनीफभाईंनी कचेरीतली तारीख घेतली. नेमकी संकष्टी आली. मावशी म्हणाल्या, उत्तम.

संकष्टीला सकाळच्या गाडीनं आम्ही पुन्हा भोरात. आधी दवाखाना. मावशी शुद्धीवर आहेत, त्यांना सगळं कळतंय, असं डॉक्टरांनी लिहून द्यायचं होतं. डॉक्टर तरुण, नवीनच आलेले.

"आजी, आज तारीख काय?"

"ती तुमच्या मागं भितीला हाय, बघा की. कार्तिक वद्य चतुर्थी. साडेआठच्या आत चंद्र उगवंल."

डॉक्टरांनी मागं वळून कॅलेंडर बघितलं, मग मोबाईल बघितला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "आत्ता आपण कुठल्या गावात आहोत?"

"भोरात. तुमाला कुणी सांगितलं न्हाई?"

"मुलं किती?"

"पोटचा एक," त्या म्हणाल्या. "घरात राहती ती एक."

डॉक्टरांनी सही केली.

हनीफभाईंच्या दुकानात शेफालीनं कागद तयार ठेवला होता. हनीफभाई म्हणाले, मावशींना एकदा मोठ्यानं वाचून दाखव. ती वाचायला लागली. घर झालं, पट्टी झाली, म्हैस झाली.

"'तसेच देव्हाऱ्यातील चांदीच्या पाच टाक्या माझी सून प्रेरणा हिला...'"

"टाक्या?" मावशी ओरडल्या. रस्त्यावरचा एक माणूस थांबला. "अगं, देव्हाऱ्यात पाच टाक्या मावतील व्हय? देव काय पवायला जात्यात?"

शेफाली गोंधळली. "वहीत 'टाक' होतं. मला वाटलं, लिहिताना चुकलं. टाक म्हणजे टाकणे ना? देव्हाऱ्यातले पाच टाक, म्हणजे... टाकून दे, असं कसं लिहिणार? म्हणून मी टाक्या केलं."

मी काही बोलायच्या आत हनीफभाईच बोलले. "पोरी, टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले देव. घरोघरी असतात. अर्ध्या वाटण्या जमिनीवर मिटतात आणि टाकांवर अडतात, मी तीस वर्षं बघतोय. तुझ्या घरी पण असतील, आजीला विचार." मग मावशींना म्हणाले, "पण पाच नुसतं लिहून चालणार नाही. एकेकाचं नाव सांगा."

मावशींनी बोटं मोजली. "खंडोबा. भवानी. भैरोबा. जानाई." पाचवं बोट तसंच धरून म्हणाल्या, "ठकूबाई."

"ही कुठली देवी?" शेफालीनं विचारलं.

"देवी कसली? सवत हाय माझी."

शेफालीचे हात कळांवरच राहिले. मावशींनीच सांगितलं. ठकूबाई गेनबाकाकांची पहिली बायको, बाळंतपणात गेली. दुसरी बायको आणली की पहिलीचा टाक करून देव्हाऱ्यात ठेवायची रीत आहे. मावशी सतरा वर्षांच्या, हातावरची मेंदी तशीच, आणि सासूनं उंबऱ्याच्या आतच त्यांच्या हातात ठकूबाई ठेवली.

"म्या तिला बघितली न्हाई," मावशी म्हणाल्या. "पर पन्नासावर वर्सं झाली, रोज तिला न्हाऊ घालती, कुंकू लावती. आधी तिला निवद, मग आमी जेवायचं. भांडण बी करती कधीमधी. गेली त्याला इतकी वर्सं झाली, पर घरातली तिची जागा कुणी काढली न्हाई. मग सांगा हनीफभाई, मेलेल्या बाईला त्या घरात जागा हाय, आन् जित्या बाईला गोणी बांधून बसावं लागतंय. ह्ये कुठलं शास्तर?"

हनीफभाईंनी चष्मा पुसला. शेफालीनं टाक्या खोडल्या आणि हळूच विचारलं, "आजी, ठकूबाईंच्या मागं कैलासवासी लावू का?"

"नगं. ती घरातच हाय."

कचेरीत आमचा नंबर दुपारी आला. साहेब बाईमाणूस होत्या. त्यांनी मावशींना पुढं बसवलं, आम्हांला मागं सरकायला लावलं.

"आजी, हा कागद तुम्ही स्वतःच्या मर्जीनं करताय? कुणी जबरदस्ती नाही ना केली?"

"माझ्यावर? ह्यांना विचारा, ह्यांच्यावर म्या केलीया."

"पूर्ण नाव सांगा."

"बनाबाई."

"पुढं? पतीचं नाव?"

मावशी गप्प. साहेबांनी पुन्हा विचारलं. मावशींनी माझ्याकडं बघितलं. नवऱ्याचं नाव त्यांनी आयुष्यात कधी सरळ घेतलं नव्हतं. मी म्हणणार होते की मी सांगते, पण साहेब म्हणाल्या, त्यांनीच सांगायला हवं. रांगेतले लोक माना काढून बघायला लागले. मावशींनी पदर डोक्यावरून पुढं ओढला, घसा खाकरला आणि म्हणाल्या,

"रायरेश्वराला जायला लोखंडाची शिडी,
गेनबारावांनी सोडली न्हाई मरेपर्यंत बिडी!"

सगळी कचेरी हसली. साहेबांनी तोंडावर रुमाल धरला आणि नाव लिहून घेतलं. त्याच वेळी समोरच्या मुलानं फोटो काढला. त्यामुळं त्या कागदावर मावशींचा फोटो असा आला आहे, की वाटावं लग्नाची नोंद करायला आल्यात.

अंगठा झाला, आमच्या दोघांच्या सह्या झाल्या. बाहेर येऊन मावशींनी उपासाचे शेंगदाणे काढून सगळ्यांना वाटले, हनीफभाईंना दोनदा. "ह्यो कागद कणगीत ठिवते, भातात," त्या म्हणाल्या.

"उंदीर वाचतील," हनीफभाई म्हणाले. "प्लास्टिकमध्ये घालून ठेवा, आणि कुठं ठेवलाय ते निदान एका माणसाला सांगा."

कागद ठकूबाईच्या टाकामागं गेला. ते एक माणूस मी.

पंधरा-सोळा दिवसांनी चंपाषष्ठी आली. मावशींकडं त्या दिवशी भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो आणि खंडोबाची तळी उचलतात, म्हणून मानसिंग वर्षातून त्या दिवशी नक्की येतो. आलाही. तळी झाली, भंडारा उधळून झाला, सगळ्यांची कपाळं पिवळी. मी आणि आमचे हे तिथंच होतो. प्रेरणा पानं वाढत होती. मानसिंग पाटावर बसता बसता म्हणाला, "मग आई, काय ठरवलंस? तो माणूस रोज फोन करतोय."

मावशींनी वाटीत तूप वाढलं आणि म्हणाल्या, "ठरलं. कागद बी झाला. घर आन् ओढ्याची पट्टी प्रेरणाला. माझ्यामागं."

मानसिंगचा हात पानावरच राहिला. "कसला कागद? कुणी शिकवलं तुला?"

"माझं मला येतं."

"म्हंजी मला टाकलंस व्हय?" तो हसायला गेला, पण ते हसू काही जमलं नाही.

"तुला कशाला टाकू? माझ्या पोटचा तू. टाकायचं काम ह्या घरात एकानंच केलंय, म्या न्हाई." मावशींचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. "वडलांची जमीन तुझी हाय. आन् बापाचं घड्याळ ठिवलंय तुला."

"मी वकील लावीन."

"लाव की. कागदावरचा माझा फोटू बघायला सांग त्याला. लई हसरा आलाय."

मानसिंगनं जेवण केलं, सगळं केलं, पण मान वर केली नाही. मुख्य गोष्ट राहिलीच होती. प्रेरणा स्वयंपाकघराच्या दारात भाताचं पातेलं धरून उभी होती. तिनं पातेलं खाली ठेवलं.

"आत्या, मला न विचारता केलंत?"

"इचारलं असतं तर तू काय म्हणली असतीस?"

"नको म्हणले असते. आत्ताही नको म्हणतेय." "उद्या सगळी वाडी म्हणंल, घरासाठी थांबली. मी घरासाठी थांबले नव्हते, आत्या. मला नको तुमचं घर. बदला तो कागद."

मला वाटलं, झालं. एवढा खटाटोप, आणि गोणी दारामागं तशीच राहणार.

मावशी उठल्या नाहीत. रोडग्याचा तुकडा भरितात बुडवत म्हणाल्या, "बरं. घर नगं तर नगं. देव परत दे."

प्रेरणानं देव्हाऱ्याकडं बघितलं.

"घटाच्या दिशी ओटीत घेतलंस नव्हं? पाची? दे परत."

"ओटीत घेतलेले देव परत कसे देणार?" प्रेरणा म्हणाली. नेहमीच्या सवयीनं म्हणाली, आणि म्हटल्यावर थांबली.

"देता येत न्हाईत. ह्ये तुलाच ठाऊक हाय, मला कशाला सांगती?" मावशी म्हणाल्या. "मग देव तुझं. आन् देव काय गोणीत घालून नेशील? त्यांना त्यांचा कोनाडा लागतो. ठकूबाईला तर पन्नास वर्सांत कुठं नेलेली न्हाई, ती यायची न्हाई. कोनाडा भितीत हाय, भित घरात हाय. म्या तुला घर दिलंच न्हाई बाई, म्या देवांची सोय केली. आता तुझी वाडी काय म्हणायची ती म्हणू दे."

आमच्या ह्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं. मानसिंगनंही वर बघितलं, आईकडं नाही, बायकोकडं. का ते मला माहीत नाही, आणि वहीतही मी लिहिलेलं नाही.

प्रेरणा उंबऱ्यावर बसली. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "ठकूबाईंचा टाक कडेनं झिजलाय. नाक पण दिसत नाही. भोरला सोनाराकडं न्यायला पाहिजे."

"नेऊ की," मावशी म्हणाल्या. "पर तिला इचारून."

मानसिंग जाताना घड्याळ घेऊन गेला. रस्त्यावर उभा राहून किल्ली देत होता. एसटी आली तरी देतच होता.

संध्याकाळी दिवेलागणीला मावशी आमच्याकडं आल्या. पदराखाली काहीतरी जड होतं. त्यांनी समई देवापुढं ठेवली.

"अहो मावशी! ती तर खोडली ना? साक्षीदाराला काही घेता येत नाही."

"ते मेल्यावरचं गं. जित्या माणसानं हातानं दिलेलं कशाला लिवायचं?" मग जाता जाता वळून, "घासती चांगली, म्हणून दिली. न्हाईतर दिली नसती."

मी पाची वाती लावल्या. आमचे हे बराच वेळ समईकडं बघत बसले होते. मग म्हणाले, "तुझ्या वहीत अजून एखादं कोरं पान आहे का?"

दुसऱ्या दिवशी पहाटे फार थंडी पडली होती, ओढ्यावर धुकं. सडा टाकायला बाहेर आले तर समोरच्या गोठ्यात प्रेरणा धार काढत होती. म्हशीच्या पाठीवर एक गोणी पांघरलेली होती, मधून उसवून सपाट केलेली. तोंडाला बांधलेली सुतळी एका कोपऱ्याला अजून लोंबत होती.